अंग, काठ अन् बुट्टी: तीन रंगांत सगळं कसं बसवायचं

फ्लेक्सवर एका रंगाचे अन् पन्नास रंगांचे पैसे सारखेच लागतात, सगळी गडबड तिथूनच सुरू झाली असं मला वाटते.

माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फ्लेक्स अन् डीटीपीचं छोटं दुकान आहे, त्याआधी त्याच जागेत बाबा पाट्या रंगवायचे. बाबांजवळ ऑइल पेंटचे डबे मोजकेच असायचे, गिऱ्हाईक एका पाटीसाठी दोन-तीन डब्यांच्या वर पैसे द्यायचं नाही, अन् एक रंग वाळल्याशिवाय त्यावर दुसरा लावता येत नाही म्हणून एकेका रंगामागे एकेक रात्र जायची. म्हणून मग निळी पाटी, पांढरी अक्षरं, अक्षरांना लाल सावली, झालं काम. रंगाचं शास्त्र ते कुठे शिकले नव्हते पण त्यांची पाटी बसस्टँडवरून वाचता यायची. आता कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर १ कोटी ६७ लाखांच्या वर शेड दाखवता येतात अन् सगळ्या फुकट, गिऱ्हाईक बाजूला खुर्ची ओढून बसते अन् म्हणते "ताई, इथं गुलाबी टाका, तिथं पोपटी टाका, नावाले इंद्रधनुष्यावानी करा", अन् मग जो बोर्ड तयार होतो तो दुकानासमोर उभं राहूनही वाचल्या जात नाही. आधी पैशानं लगाम लावला होता, आता तो आपल्यालाच लावावा लागते. तीन रंगांचा नियम म्हणजे तोच लगाम, दुसरं काही नाही.

डिझाईनवाले हा नियम ६०-३०-१० असा सांगतात, म्हणजे ६० टक्के एक रंग, ३० टक्के दुसरा अन् १० टक्के तिसरा. घरसजावटीत तो खूप वापरतात, अन् कपडे, पॅकेट, वेबसाईट सगळीकडे तसाच लागू होतो. टेप घेऊन कोणी मोजत बसत नाही, हे अंदाजाचं माप आहे, भाजीत मीठ टाकतो तसं. पण अंदाज यावा म्हणून एकदा करून पाहा, ६ बाय ३ फुटाचा बॅनर म्हणजे १८ चौरस फूट, त्यात पहिल्या रंगाला जवळपास ११ फूट, दुसऱ्याला साडेपाच अन् तिसऱ्याला दोन फुटालाही थोडं कमी. म्हणजे तिसऱ्या रंगाला एवढीशीच जागा आहे. लोकं चुकतात ते इथंच, तीन रंग बरोबर निवडतात अन् तिघांना सारखी जागा देऊन टाकतात, मग तिघंही एकदमच बोलायला लागतात अन् कोणाचंच ऐकू येत नाही.

ज्यांना हे टक्के कठीण वाटतात त्यांना मी साडी दाखवते. साडीला अंग असते, काठ असतो अन् बुट्टी असते. अंग सगळ्यात जास्त अन् शांत, काठ त्याला बांधून ठेवतो, अन् बुट्टी थोडीशीच पण नजर आधी तिच्यावर जाते. अंग-काठ-बुट्टी एवढं डोक्यात ठेवलं तरी ६०-३०-१० समजून गेलं समजा. आपल्या विदर्भातली भंडारा-नागपूरकडची करवतकाठी पाहा, तिला जीआय मानांकन, म्हणजे त्याच भागाची खास वस्तू असल्याची सरकारी ओळख, मिळालेलं आहे. अंग टसरचं म्हणजे कोशाच्या धाग्याचं, मधासारखा त्याचा स्वतःचाच रंग, काठ गडद लाल नाही तर मरून नाही तर काळा, अन् काठाच्या आतल्या बाजूला करवतीसारखे दाते. हे दाते छापलेले नसतात, विणतानाच होतात. मधल्या अंगासाठी एक धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन, अन् दोन्ही काठांसाठी एकेक असे तीन धोटे चालतात, अंगाचा धागा काठाच्या धाग्याला अडकून परत फिरतो, म्हणून अंगाचा रंग काठात जात नाही अन् काठाचा अंगात येत नाही. हे पाहून मला बॅनर करताना फार उपयोग झाला. दोन रंग जिथं भेटतात ती जागा साफ पाहिजे. आपण काय करतो, लालातून पिवळा अन् पिवळ्यातून हिरवा असा वितळत जाणारा रंग देतो, मग काठ कुठे संपला अन् अंग कुठे सुरू झालं ते डोळ्याला कळतच नाही.

पोळ्याला बैल सजवतो तेव्हाही आपण हेच करतो, फक्त त्याला नाव दिलेलं नाही. वर्ध्याकडची गवळाऊ पांढरी जोडी असली तर अंग पांढरं, पाठीवर लाल झूल अन् शिंगांना बेगड. तोरणाखाली पन्नास जोड्या उभ्या असल्या तरी अशी जोडी चटकन दिसते. अन् ज्या बैलाच्या अंगावर सगळ्या रंगांचे ठिपके मारलेले, वर झूल पण फुलाफुलांची, तो बैल किती का देखणा असेना, लक्षात नाही राहत.

आता मुद्द्याची गोष्ट, अन् माझ्या मते ही कोणता रंग घ्यायचा यापेक्षाही मोठी आहे. रंगाचं नाव म्हणजे लाल, निळा, हिरवा हे झालं एक. तो उजळ आहे की गडद हे दुसरं, अन् भडक आहे की मळकट हे तिसरं. सगळे लोक पहिल्यावरच भांडतात, पण वाचता येते की नाही हे दुसऱ्यावर ठरते. तपासायला सोपं आहे, मोबाईलमध्ये फोटो काढा अन् एडिटमध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाईट करा. त्यात तिन्ही रंग वेगवेगळे दिसले, एक फिका, एक मधला, एक काळपट, तर तुमचं जमलं. हिरव्यावर लाल अक्षरं अशीच फसवतात, रंगीत पाहताना वाटते किती वेगळे आहेत अन् काळ्या-पांढऱ्या फोटोत दोन्ही एकाच राखेचे, अक्षरं गायब. शिवाय काही लोकांना लाल-हिरव्यातला फरक जन्मापासूनच नीट कळत नाही, पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा बरंच जास्त असते, त्यांच्यासाठी तर तो बोर्ड कोराच.

रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आठवा. नॅशनल हायवेला वरचा भाग पिवळा, स्टेट हायवेला हिरवा, खेड्यातल्या रस्त्यांना नारिंगी, खाली पांढरं अन् अक्षरं काळी. तीनच रंग, चालत्या गाडीतून वाचता येते अन् वरच्या टोपीवरून रस्ता कोणता तेही कळते. गाडीच्या नंबर प्लेटचंही तसंच, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळं, घरच्या गाडीला पांढऱ्यावर काळं. पांढऱ्यावर पिवळं कोणीच करत नाही, पण हळदीच्या पॅकेटवर मात्र दर वर्षी कोणी ना कोणी ते मागतेच.

वेबसाईटसाठी याचं मापच ठरलेलं आहे, साध्या आकाराच्या अक्षरात अन् मागच्या रंगात उजेडाचा फरक कमीत कमी ४.५ ला १ पाहिजे असं तो नियम सांगतो. आपल्याला तेवढं मोजायची गरज नाही, फोटोवालं पुरते.

मग तीन रंग कोणते घ्यायचे? इथं रंगचक्र येते. न्यूटननं काचेच्या लोलकातून उजेड फोडून पाहिला अन् १७०४ साली छापलेल्या पुस्तकात ते रंग गोलात मांडले, तेव्हापासून चक्राची पद्धत सुरू आहे. चक्रात शेजारी-शेजारी बसलेले रंग घेतले, जसं पिवळा, नारिंगी अन् लाल, तर ते एका घरातल्या माणसांसारखे गोडीनं राहतात पण कधी कधी बोर होते. समोरासमोरचे घेतले, जसं निळा अन् नारिंगी, तर ते एकमेकांना चढवतात. समोरासमोरचे दोन घेतले तर त्यातला एक नेहमी थोडा ठेवायचा. हिरवा अन् नारिंगी चक्रात अगदी समोरासमोर नाहीत, तरी गोष्ट तीच, वरूड-मोर्शीकडे संत्र्याची बाग तोडणीच्या आधी पाहा, हिरवं भरपूर अन् नारिंगी ठिपके ठिपके, केवढी सुंदर दिसते. तेच अर्धं हिरवं अन् अर्धं नारिंगी कापड शिवलं तर डोळे दुखतील. अन् काळा, पांढरा, राखाडी, क्रीम, मातकट हे रंग कोणाशी भांडत नाहीत म्हणून नवशिक्यानं तीनपैकी एक तरी असा शांत रंग घ्यावा. मी तर दोन शांत अन् एकच बोलका घ्या असंच सांगते.

अजून एक गंमत सांगते. फ्रान्समध्ये पॅरिसला गोबलँ नावाचा विणकामाचा कारखाना होता, तिथं शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका दिसून राहिला, रंग कच्चा आहे. त्यांनी तपासलं तर धाग्याचा रंग पक्का होता. तो निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या बाजूला विणला होता म्हणून मेल्यासारखा दिसत होता. शेजारचा रंग बदलला की आपला रंग बदलल्यासारखा दिसते, हे त्यांनी १८३९ साली सविस्तर लिहून ठेवलं. आपल्या बायका ब्लाऊजपीस घेताना साडीच सोबत नेतात, नुसता "पोपटी द्या" म्हणत नाहीत, त्याचं कारण हेच. अन् दुकानातून साडी दारापर्यंत आणून उन्हात पाहतात तेही अगदी बरोबर आहे, ट्यूबलाईटमध्ये मॅच झालेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात कारण दोन्ही उजेडच सारखे नसतात.

आता ब्रँडिंग. मोठा शब्द वाटते पण अर्थ एवढाच की नाव वाचायच्या आधी ओळख पटली पाहिजे. वावराच्या पलीकडच्या धुऱ्यावर ट्रॅक्टर चालू असला अन् तो हिरवा असून चाकं पिवळी असली तर लहान पोरगंही सांगते जॉन डिअर आहे, लाल दिसला तर म्हणते महिंद्रा असेल. फाट्यावर उभं असताना लांबून लाल ठिपका दिसला की आपण पिशव्या उचलतो, एसटी आली. हे एका दिवसात होत नाही, तेच रंग वर्षानुवर्षं त्याच प्रमाणात दिसले म्हणून होते. दर दिवाळीला बोर्डाचा रंग बदलणाऱ्या दुकानाला हे कधीच मिळत नाही.

आमच्या बाजूच्या गावच्या महिला बचत गटाचं मिरची पावडरचं लेबल मी केलं होतं अन् ते चुकलं होतं. मला वाटलं मिरची म्हणजे लाल, म्हणून लाल लेबल, त्यावर पिवळं नाव, हिरवी बॉर्डर, कोपऱ्यात मिरच्यांचा फोटो, मागे शेताचा फोटो, दोन्ही बाजूला सोनेरी वेलबुट्टी. स्क्रीनवर मस्त दिसत होतं. ते पाकिटावर लागलं तेव्हा समजलं, पाकीट पारदर्शक, आत मिरची लाल, बाहेर लेबल लाल, पाच फुटावरून नुसता लाल गोळा दिसे. प्रदर्शनात लोकं बाजूच्या स्टॉलवर थांबून राहिले होते अन् आमच्या काकूंना ओरडून सांगावं लागत होतं की घरची मिरची आहे. त्या रात्री मला झोप नाही आली, कारण त्यांनी गटाच्या पैशातून लेबलं छापली होती.

दुसऱ्या वेळेस मी लेबल बनवायच्या आधी भरलेलं पाकीटच समोर घेऊन बसली. तेव्हा लक्षात आलं की ६० टक्के रंग तर आधीच ठरलेला आहे, तो म्हणजे मिरची. तिच्याहून भारी लाल मी छापू शकत नाही. म्हणून लेबल साधं क्रीम केलं, फोटो सगळे काढले, अन् नाव मोठं गर्द हिरव्यात. हिरवं यासाठी की शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकोनातली हिरवी चकती द्यावीच लागते, ती चौथा रंग म्हणून घुसण्यापेक्षा तिलाच घरातली करून घेतली. मग हळदीचं पाकीटही तसंच केलं, तेच क्रीम, तेच हिरवं, फक्त आतून पिवळं. दोन्ही बाजू-बाजूला ठेवले तर एका घरच्या बहिणी दिसतात. गटाच्या अध्यक्ष काकूंनी पाकीट हातात फिरवून पाहिलं अन् म्हणाल्या, "आता कसं, मिरची मिरचीवानी दिसून राह्यली." मला तेवढं पुरलं.

एका गटानं मसाल्याच्या पाकिटावर खाली लाल त्रिकोण मागितला होता, मी नाही दिला. आपल्याकडे घरोघरी फवारणीच्या औषधाचे डबे येतात, त्यावरच्या तिरप्या चौकोनात खालचा त्रिकोण लाल असला तर सगळ्यात जहाल विष, मग पिवळा, मग निळा, अन् हिरवा सगळ्यात कमी. यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ साली फवारणीच्या विषबाधेत माणसं गमावली आहेत. इथं खायच्या वस्तूवर तसला आकार अन् तसला रंग नको म्हणजे नकोच. रंगाला शहरातल्या पुस्तकात एक अर्थ असेल, आपल्या गावात तो काय सांगतो ते आधी पाहायचं. निवडणुकीच्या दिवसात तर हे अजूनच पाहावं लागते, कोणत्या रंगाची जोडी कोणाच्या झेंड्याची आहे ते ध्यानात घेऊनच दुकानाचा बोर्ड करावा.

अन् हो, रंग पक्का झाला की त्याचे आकडे लिहून ठेवा. मोबाईलची स्क्रीन लाल, हिरव्या अन् निळ्या उजेडातून रंग बनवते, छपाई चार शाईतून होते, आकाशी, मॅजेंटा, पिवळी अन् काळी. म्हणून व्हॉट्सॲपवर दिसलेला चकाकणारा निळा छापल्यावर जांभळट नाही तर मंद येतो, त्यात छापणाऱ्याची बदमाशी नसते. चारही शाईचे टक्के डायरीत लिहिलेले असले तर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून छापलं तरी जवळपास तोच रंग येते. आपल्या उन्हाचंही पाहावं लागते, उघड्यावरच्या फ्लेक्समधले मॅजेंटा अन् पिवळा आधी उडतात, आकाशी अन् काळा मागे राहतात, म्हणून जुने बॅनर सगळे निळसर भुतासारखे दिसतात. जो बोर्ड वर्षभर उन्हात राहणार आहे त्याचं नाव गुलाबी नाही तर नारिंगी रंगात नका लिहू, काळं लिहा, नाही तर गडद निळं.

कपड्यांचं फार सांगत नाही, साडीत बरंचसं आलं. एवढंच की फुलांचा प्रिंट असला तर दुपट्टा किंवा ब्लाऊज त्या प्रिंटमधल्याच एखाद्या छोट्या रंगाचा घ्या, बाहेरून नवीन रंग आणू नका. माणसांच्या शर्ट-पँटमध्ये पट्टा अन् चप्पल एका रंगाची ठेवली तरी अर्धं काम होते. लग्नात सगळ्या घरानं एकच रंग घालायची फॅशन आली आहे, त्यापेक्षा तीन रंग ठरवून द्या अन् ज्यानं त्यानं आपापल्या परीनं घाला, फोटो जास्त जिवंत येते.

घराचं मात्र सांगायचं आहे, कारण तिथं चूक महाग पडते. आजीचं घर मातीचं होतं. भिंत पांढऱ्या मातीनं पोतलेली, खाली शेणाचं सारवण, अन् भिंतीच्या पायथ्याशी हातभर गेरूची पट्टी, कुठे काळी. सपरीत टेकून बसलं की पाठीचा मळ अन् पावसात उडालेला चिखल त्या पट्टीवरच बसायचा म्हणून ती गडद. दार निळं. पांढरं जास्त, मातकट त्याहून कमी, निळं थोडंसं. आजीला ६०-३०-१० कोणी शिकवलं नव्हतं, पण मातीच्या खदानीतून जे मिळते त्यातच करायचं होतं, तिचाही लगाम तोच.

आता स्लॅबचं घर झालं की शेड कार्ड हातात येते अन् एक भिंत जांभळी, एक पोपटी, एक गुलाबी, वर पीओपी निळं. माझ्या वहिनीच्या घरी रंग द्यायचा होता तेव्हा मी तिला म्हटलं, वहिनी, कार्ड आधी बाजूला ठेव. बदलू शकत नाही ते काय काय आहे ते सांग. तिनं मोजलं, फरशी पिवळसर, दारं सागवानी, लोखंडी आलमारी राखाडी, दिवाण चॉकलेटी. मग भिंतीचा रंग यांच्याशी पटणारा पाहिजे, नवा पाहुणा बनून येणारा नको. आम्ही भिंती अन् छत मिळून फिका बदामी-पांढरा घेतला, हे झालं अंग. दारं, दिवाण अन् पडदे तपकिरी, हा काठ. अन् उशांचे अभ्रे, देवघराची कमान अन् एक घडवंची गडद हिरवी. खोलीला एकच लहान खिडकी होती, फिक्या भिंतीनं आलेला उजेड परत फेकला म्हणून दुपारी लाईट लावायची गरज उरली नाही. बाहेरून पश्चिमेच्या भिंतीला तिला मरून पाहिजे होता, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते अन् गडद भिंत सगळं ऊन पिऊन रात्री ते खोलीत सोडते, म्हणून तिथंही फिकाच दिला अन् मरून फक्त खिडकीच्या चौकटीला.

एक करा मात्र. शेड कार्डावरचा तुकडा बोटाएवढा असते अन् तोच रंग अख्ख्या भिंतीवर गेला की दुप्पट भडक वाटते. म्हणून छोटा डबा आणून दोन बाय दोन फुटाचा पट्टा दोन वेगळ्या भिंतींवर मारायचा, वाळू द्यायचा, अन् सकाळी, दुपारी, रात्री एलईडीत असा तीन वेळा पाहायचा. वहिनीनं असे चार पट्टे मारले होते अन् पहिल्या दिवशी तिला जो आवडला होता तो तिसऱ्या दिवशी रात्रीच्या लाईटमध्ये हिरवट दिसला. तो डबा मग गोठ्याच्या दाराला कामी आला.